‘लाय टू मी’ : चेहऱ्यावरून खोटं पकडता येतं का?

फुटाळा (धागाकर्ता)

गुन्हेगारी मालिकांवर इथे भरपूर बोलणं होतं, पण ‘लाय टू मी’वर स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून हा. 2009 ते 2011 या काळात फॉक्स वाहिनीवर आलेली मालिका. तीन सीझन, 48 भाग. टिम रॉथचा डॉ. कॅल लाइटमन समोरच्याच्या भुवया, ओठ, खांदे पाहून खोटं पकडतो. हे पात्र पॉल एकमन या खऱ्या मानसशास्त्रज्ञावर बेतलेलं, आणि मालिकेचे शास्त्रीय सल्लागारही तेच.

माझं मत आधीच सांगतो. पहिल्या सीझनचे 13 भाग फार मन लावून केले आहेत. दुसऱ्यापासून लाइटमनची अरेरावी वाढत जाते आणि शास्त्र तोंडी लावण्यापुरतं उरतं. पण चर्चा हवी ती वेगळ्या गोष्टीवर: मालिकेत दाखवतात त्यातलं टिकणारं किती? पोलीस चौकशीत, कोर्टात, साध्या दुकानात त्याचा काही उपयोग आहे का? ज्यांना विषय माहीत आहे त्यांनी तपशिलात लिहावं. नुसतं ‘मस्त मालिका’ नको.

महालकर

मस्त मालिका! 😀

बरं, एक भर घालतो. लाइटमन आणि त्याची सहकारी फॉस्टर ही जोडी मालिकेचा जीव आहे. तो चेहरा बघतो, ती आवाज ऐकते. त्यांच्या हाताखालच्या टॉरेसला शिक्षण न घेता उपजत जमतं, लोकर नावाचा दुसरा मदतनीस मनात येईल ते खरं बोलून टाकतो. चौघांच्या चार तऱ्हा असल्यामुळे पहिला सीझन रंगतो.

धंतोली_मानस

फुटाळा, चांगला प्रश्न. आधी मालिका बरोबर काय सांगते ते लिहिते.

एकमन आणि फ्रिझन यांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येक स्नायूच्या हालचालीला क्रमांक. 12 म्हणजे ओठांचे कोपरे वर ओढले जाणं, 6 म्हणजे गाल वर चढून डोळ्यांभोवती सुरकुत्या येणं. मनापासूनच्या हसण्यात 6 आणि 12 दोन्ही येतात, फोटोपुरत्या हसण्यात बहुतेक वेळा एकटा 12. लाइटमन बोट दाखवून जे सांगतो ते या क्रमांकांतूनच येतं.

दुःखात भुवयांची आतली टोकं, म्हणजे नाकाकडची, वर जातात. आरशासमोर करून पाहा. अख्खी भुवई उचलणं सोपं, नुसती आतली टोकं उचलणं बहुतेकांना जमत नाही. म्हणून हे चिन्ह बऱ्यापैकी भरवशाचं मानतात. तिरस्कारात ओठाचा एकच कोपरा आवळला जाऊन किंचित वर सरकतो. भीती आणि आश्चर्य यांत लोक नेहमी गोंधळतात: दोन्हींत भुवया वर जातात, डोळे विस्फारतात. पण भीतीत भुवया वर जाता जाता एकमेकींकडेही ओढल्या जातात आणि ओठ कानांच्या दिशेने ताणले जातात. आश्चर्यात भुवया गोलाकार राहतात आणि जबडा सैल पडतो.

हे सगळं मालिकेत फार नेटकं दाखवलंय. नटांनीही मेहनत घेतलीय. चेहरा वाचायला शिकायचं असेल तर पहिला सीझन खरोखर उपयोगी आहे.

चौकट_24

संकलनाच्या बाजूने लिहितो. अशा मालिका सेकंदाला 24 चौकटींवर (फ्रेम) चित्रित होतात. सूक्ष्म भाव, म्हणजे दडवता दडवता चेहऱ्यावर क्षणभर निसटणारा भाव, त्याचा काळ साधारण 1/25 ते 1/5 सेकंद धरतात. म्हणजे सगळ्यात झटपट भाव जेमतेम एका चौकटीत येतो आणि जातो. प्रेक्षकाला तो दिसणारच नाही. म्हणून मालिकेत नट भाव धरून ठेवतो, कॅमेरा त्याच क्षणी जवळ जातो, वेग मंदावतो, आणि मग एखाद्या खऱ्या नेत्याचा तसाच फोटो शेजारी लावतात. कथा कळण्यासाठी हे करावंच लागतं, पण प्रेक्षकाची समजूत होते की बारकाईने पाहिलं की दिसतंच.

खऱ्या चौकशीच्या चित्रीकरणात काय होतं? बरेच सीसीटीव्ही सेकंदाला 15 चौकटींवर चालतात. दोन चौकटींत 67 मिलिसेकंदांची फट. 40 मिलिसेकंदांचा भाव त्या फटीत येऊन गेला तर नोंदच नाही. शिवाय कॅमेरा छताच्या कोपऱ्यात, भिंग रुंद. चेहरा पडद्यावर नखाएवढा येतो, त्यात भुवईचं टोक कुठून दिसणार? डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांत आवाजासकट सीसीटीव्ही लावायला सांगितलं, ते मारहाण होऊ नये यासाठी. चेहरे वाचण्यासाठी नाही.

गोरेवाडा

@धंतोली_मानस, तुम्ही लिहिलेलं सगळं मान्य. पण हे भाव ओळखणं झालं, खोटं पकडणं नव्हे. मालिका नेमकी इथे उडी मारते. भीती दिसली, म्हणजे हा लपवतोय! अहो, निरपराध माणूस पोलिसांसमोर बसला की त्यालाही भीती वाटतेच. एकमन यांनीच या घोटाळ्याला ‘ऑथेल्लो चूक’ असं नाव दिलंय. नाव शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून; आपल्याकडे देवलांनी ‘झुंझारराव’ त्याच नाटकावरून केलं. बायकोचा भेदरलेला चेहरा नवऱ्याने गुन्ह्याची कबुली म्हणून वाचला. भाव खरा होता, त्याचं कारण चुकीचं लावलं.

आता आकडे. बाँड आणि डीपॉलो यांनी 2006 मध्ये आधीचे ढीगभर प्रयोग एकत्र करून पाहिले. माणसं खरं-खोटं ओळखण्यात सरासरी 54 टक्के बरोबर येतात. नाणं उडवलं तर 50. पोर्टर आणि टेन ब्रिंक यांनी 2008 मध्ये 697 भाव चौकट-चौकट तपासले. त्यांत सूक्ष्म भाव सुमारे 2 टक्के, तेही चेहऱ्याच्या फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या भागात. ज्या खुणेवर अख्खी मालिका उभी आहे ती इतकी दुर्मिळ.

आणि या धाग्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये याच मालिकेवर प्रयोग केला. एका गटाला ‘लाय टू मी’चा भाग दाखवला आणि मग मुलाखती दाखवून खरं-खोटं ओळखायला सांगितलं. मालिका पाहिलेले खोटं पकडण्यात सरस ठरले नाहीत. उलट खरं बोलणाऱ्यांनाच ते जास्त खोटं ठरवू लागले.

महालकर

म्हणजे मालिका पाहून माणूस संशयी होतो. हे घरोघरी सांगायला पाहिजे.

जरीपटका_77

काहून बाप्पा, इतकी चिरफाड करून राहिले? लाइटमनला नागपुरात बर्डीच्या बाजारात कपडे घ्यायला न्या. दुकानदार ‘खरेदीच इतक्याची आहे’ म्हणला की त्याचा ओठ पाहून भाव निम्मा करून देईन तो!

गोरेवाडा

@जरीपटका_77 😀 बर्डीवरचा दुकानदार ते वाक्य दिवसातून शंभरदा म्हणतो. घोकलेल्या खोट्याला भीतीही नसते आणि अपराधी भावही नसतो. मग चेहऱ्यावर उमटायचं तरी काय? मालिकेत सराईत लोकही पहिल्या प्रश्नाला गळपटतात, ते पटत नाही.

धंतोली_मानस

गोरेवाडा, आकडे बरोबर आहेत. पण ‘चेहऱ्याचा काहीच उपयोग नाही’ इथपर्यंत जाऊ नका. एकमन यांचं म्हणणंही ‘भाव म्हणजे खोटं’ असं नाही. दडवलेला भाव दिसला की तिथे थांबून आणखी प्रश्न विचारायचे, एवढंच. लाइटमन जितक्या पटकन आणि जितक्या खात्रीने निष्कर्ष काढतो तितक्या खात्रीने आपण काढत नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं.

पहिल्याच भागाचा सुरुवातीचा प्रसंग पाहा. संशयित तोंड उघडत नाही, शेजारी वकील. लाइटमन बाँब कुठे असेल त्याचे एकेक अंदाज बोलून दाखवतो आणि चेहरा पाहतो. इथे ‘तू खोटं बोलतोस का’ हा प्रश्नच नाही. कुठल्या नावाला प्रतिक्रिया येते एवढंच शोधायचंय. दडलेली माहिती शोधण्याच्या चाचणीचं तत्त्व हेच: खरा तपशील चार-पाच चुकीच्या तपशिलांत मिसळायचा. ज्याला माहीत नाही त्याला सगळे सारखेच. 48 भागांत शास्त्राच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रसंग माझ्या मते हाच.

खसची_ताटी

त्या चाचणीचं नाव निघालं म्हणून पॉलिग्राफवर, म्हणजे लोक ज्याला खोटं पकडण्याचं यंत्र म्हणतात त्यावर लिहितो. मालिकेत लाइटमन या यंत्राला कमी लेखतो, आणि इथल्या बऱ्याच जणांना वाटतं की यंत्राचा दिवा लागतो, खोटं कळतं. तसं काही नसतं.

छाती आणि पोटाभोवती दोन नळ्या: श्वास. दंडाला रक्तदाबाचा पट्टा. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या: घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता. खुर्चीत हालचाल टिपणारी गादी, कारण पायाचं बोट दाबून आलेख बिघडवता येतो. पट्टा साधारण 60-70 मिमी दाबावर ठेवतात, तोही थोडाच वेळ, नाहीतर हाताला मुंग्या येतात आणि आलेख वाया जातो. एका फेरीत दहाएक प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही, दोन प्रश्नांत किमान 20-25 सेकंदांची विश्रांती, कारण त्वचेची प्रतिक्रिया खाली यायला तेवढा वेळ लागतो. निदान तीन फेऱ्या. त्याआधी सगळे प्रश्न वाचून दाखवतात. अचानक प्रश्न टाकून दचकवायचं ही टीव्हीतली कल्पना. दचकण्याचा आलेख आणि खोट्याचा आलेख वेगळा काढता येत नाही.

प्रश्न तीन जातींचे: निरुपद्रवी, गुन्ह्याशी थेट संबंधित, आणि तुलनेचे (‘आयुष्यात कधी कुणाचा विश्वासघात केला आहे का?’). तुलनेच्या प्रश्नाला जास्त प्रतिक्रिया आली तर खरा, गुन्ह्याच्या प्रश्नाला जास्त आली तर खोटा, हा हिशेब. प्रत्येक जोडीला उणे 3 ते अधिक 3 गुण. एका प्रचलित पद्धतीत बेरीज अधिक 6 किंवा वर गेली तर खरं, उणे 6 किंवा खाली गेली तर खोटं, मधलं सगळं अनिर्णित. दुखणं इथेच आहे. ज्याच्यावर खुनाचा आळ आलाय तो निरपराध असला तरी खुनाच्या प्रश्नालाच जास्त दचकणार. गोरेवाडांची ‘ऑथेल्लो चूक’ यंत्रातही तशीच्या तशी येते.

आता नागपूरची गोष्ट. मे महिन्यात पारा 45च्या घरात. बाहेरून चालत आलेल्या माणसाची बोटं घामाने ओली. त्या अवस्थेत पट्ट्या लावल्या तर पायाभूत रेषाच वर चढते आणि खऱ्या प्रतिक्रियेला वर जायला जागा उरत नाही. त्याला आधी अर्धा तास गार खोलीत बसवायचं, हात धुऊन कोरडे करायचे. आणि कूलर अजिबात चालणार नाही. खसच्या ताटीतून येणारी हवा ओलसर, पंख्याची घरघर सतत, मधेच पंपाचा आवाज. श्वासाच्या आलेखावर त्याचा परिणाम होतो. खोलीला एसीच हवा, तापमान एकसारखं, भिंतीवर घड्याळाची टिकटिकसुद्धा नको. कष्टाची कामं करणाऱ्यांच्या बोटांना घट्टे असतात. तिथे वाहकता कमी मिळते, मग पट्ट्या तळहातावर घ्याव्या लागतात. हे न पाहता काढलेल्या आलेखावर कुणाला दोषी म्हणणं अन्याय आहे.

फुटाळा

@खसची_ताटी, कूलरचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. मालिकेत काचेची पांढरी चौकोनी खोली दाखवतात, तिचं कारणही आता लक्षात आलं: आजूबाजूला काहीच नाही, आवाज नाही, प्रकाश सारखा.

चौकट_24

त्या खोलीतला प्रकाश समोरून आणि पसरट आहे, भुवयांखाली सावलीच पडत नाही. पोलीस ठाण्यात डोक्यावर एक ट्यूबलाइट. डोळ्यांच्या खोबणीत सावली पडली की प्रत्येक माणूस अपराधी दिसतो.

सिव्हिल_लाइन्स

कायद्याची बाजू राहिली ती मांडतो.

5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को (औषधाने गुंगी आणून बोलतं करणं), पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी, तिन्ही संमतीशिवाय करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. आधार राज्यघटनेची कलमं 20(3) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही) आणि 21 (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य). संमती दिली तरी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2000च्या मार्गदर्शक सूचना पाळाव्या लागतात: संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकील मिळाला पाहिजे, या बोलण्याला कबुलीजबाबाचा दर्जा नाही हे आधी सांगायचं, आणि चाचणी स्वतंत्र संस्थेने वकिलाच्या हजेरीत घ्यायची.

चाचणीचा निकाल हा पुरावा म्हणून चालत नाही. स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरता भाग पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम 27 खाली येऊ शकतो. 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23च्या परंतुकात आहे. जून 2025 मध्येही सर्वोच्च न्यायालयाने नार्को चाचणीला वाट करून देणारा पाटणा उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला. अमेरिकेतसुद्धा 1923 मध्येच एका न्यायालयाने रक्तदाबावर आधारलेली खोटं पकडण्याची चाचणी पुरावा म्हणून नाकारली होती. मालिकेत लाइटमन ‘मला दिसलं’ म्हणतो आणि तपासाची दिशा फिरते; इथे त्या वाक्यावर कुणाला अटकही करता येणार नाही.

जरीपटका_77

मग साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे न्यायाधीश पाहतच नाहीत काय? पाहतात ना भाऊ.

सिव्हिल_लाइन्स

@जरीपटका_77, फार नेमका प्रश्न. पाहतात, आणि कायदाच पाहायला सांगतो. जुन्या फौजदारी संहितेचं कलम 280, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 315: साक्षीदाराच्या साक्ष देतानाच्या वागण्याबद्दल महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशाने नोंदवायचं. अपिलात वरचं न्यायालय कागद पाहतं, माणूस पाहत नाही. म्हणून ज्याने साक्षीदार डोळ्यांनी पाहिला त्या खालच्या न्यायालयाच्या मताला वजन देण्याची जुनी रीत आहे.

गोरेवाडा

आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच वाटते. 58 देशांत विचारलं तेव्हा खोटं बोलणाऱ्याची खूण म्हणून लोकांनी सगळ्यांत जास्त वेळा सांगितलं, ‘तो नजर चुकवतो’. प्रयोगांत नजर चुकवण्याचा आणि खोटेपणाचा म्हणावा तसा संबंध सापडत नाही. गडचिरोलीच्या दुर्गम गावातून आलेली बाई पहिल्यांदा कोर्टात उभी राहिली, समोर काळे कोट, भाषा अर्धी कळते. ती खाली बघूनच बोलणार. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायची हा तिथला मान आहे. त्यावरून कुणी ‘टाळाटाळ करणारी साक्षीदार’ असं लिहिलं, तर तो शेरा अपिलातही तिच्या मागे लागतो.

सिव्हिल_लाइन्स

सहमत. म्हणून चांगला शेरा म्हणजे घटना, निष्कर्ष नव्हे. ‘प्रश्न तीनदा विचारल्यावर उत्तर दिलं’, ‘दुभाषी मागितला’, ‘या प्रश्नाला रडू आलं’ असं लिहावं. ‘खोटं बोलत असल्याचं जाणवलं’ असं नको. पहिल्या प्रकारचा शेरा वरच्या न्यायालयाला तपासून पाहता येतो, दुसरा येत नाही.

धंतोली_मानस

हे मला पूर्ण पटलं. माझं आधीचं म्हणणं एवढंच होतं की पाहणं सोडू नका. नोंद ‘काय दिसलं’ याची असावी, ‘का’ ते प्रश्नांनी शोधावं.

कस्तुरचंद_पार्क

जरा विषयांतर. मालिका हिंदी डबिंगमध्ये पाहू नका. फॉस्टर आवाजाचा चढ, थांबा, अडखळणं ऐकते आणि डबिंगमध्ये तेच सगळं बदलतं. इंग्रजीत पाहताना उपशीर्षकं लावली तर डोळे पडद्याच्या तळाशी राहतात आणि चेहरा निसटतो. आधी उपशीर्षकांसह कथा पाहून घ्या, मग चौकशीचा प्रसंग आवाज बंद करून, पाव वेगाने. पहिल्या सीझनमध्ये असं केलं तर धंतोली_मानस यांनी लिहिलेले भुवयांचे प्रकार ओळखता येतात.

इतवारी_सराफा

फुटाळांनी पहिल्याच पोस्टमध्ये दुकानाचं विचारलं होतं, त्यावर कुणीच बोललं नाही. समजा सराफ्याच्या दुकानात संध्याकाळी स्टॉक जुळत नाही, 4 ग्रॅमची अंगठी कमी. सहा कामगार. चेहरे पाहून काही होत नाही हे कळलं, मग मालकाने करायचं काय?

गोरेवाडा

प्रश्न विचारायची पद्धत बदलायची. हार्टविग, ग्रानहाग आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये स्वीडनच्या पोलीस प्रशिक्षणार्थींना हातातला पुरावा कधी उघड करायचा हे शिकवलं. शिकलेले 85 टक्के बरोबर आले, न शिकलेले 56. यात चेहऱ्याचा संबंधच नाही.

दुकानात ते असं. कुणाशी बोलण्याआधी चोरी सोडून बाकीच्या शक्यता संपवा: जांगडवर (पसंत नसल्यास परत या बोलीवर) दिलेला माल, कारागिराकडे दुरुस्तीला गेलेला, टॅग गळून दुसऱ्या ट्रेमध्ये पडलेला, वजन दोनदा नोंदलेलं. निम्म्या वेळा अंगठी इथेच सापडेल. मग सीसीटीव्ही पाहा. समजा 4:10ला एक जण तो ट्रे आतल्या काउंटरकडे नेताना दिसतो. हे मनातच ठेवा. कुणाला दाखवू नका, कुणाला बोलू नका.

सहाही जणांशी वेगवेगळं आणि त्याच दिवशी बोला. दोन दिवसांनी खरं बोलणाराही वेळा विसरतो. सगळ्यांना एकच सुरुवात: ‘दुपारी 3 ते 5 काय काय केलंस, सगळं सांग.’ मधे तोडू नका. मग हळूहळू जवळ या: आतल्या काउंटरकडे कोण कोण गेलं? ट्रे कुणी हलवले? तू हलवलास का? सगळ्यात शेवटी 4:10चं दृश्य. ज्याने साधेपणाने ट्रे नेला त्याने बहुधा आधीच सांगितलेलं असतं, ‘गिऱ्हाइकाला आत दाखवायला नेला’ म्हणून. ज्याला लपवायचंय तो ट्रेच्या जवळ गेल्याचंच नाकारून बसतो, आणि दृश्य दाखवलं की त्याला आधीचं बोलणं बदलावं लागतं. पहायचं ते हे: बोलणं पुराव्याशी जुळतं का. दृश्य आधी दाखवलं तर तो त्याला साजेशी गोष्ट रचतो आणि हातातला एकमेव पत्ता गेला.

इतवारी_सराफा

हे करण्यासारखं आहे. बहुतेक मालक उलटंच करतात. आधी सगळ्यांना उभं करून फुटेज दाखवतात आणि मग विचारतात.

खसची_ताटी

एक भर. बोलणं लगेच लिहून घ्या, त्याच्याच शब्दांत, वेळेसकट. ‘गेलो असेन’ आणि ‘गेलो’ यांत फरक आहे. तुम्ही सारांश लिहिला की तो पुसला जातो.

सिव्हिल_लाइन्स

आणि माझी एक, मालकांसाठी. बोलताना दार उघडं ठेवा, मोबाइल काढून घेऊ नका, घरी जातो म्हणाला तर जाऊ द्या. बाहेर कुलूप लावून ‘कबूल कर, मगच सोडतो’ केलं तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली अवैध बंदिवासात जातं, आणि अंगठीची तक्रार बाजूला राहून मालकावरच गुन्हा नोंदवला जातो. कोऱ्या कागदावर सह्या घेऊ नका. खाजगी पॉलिग्राफवाला बोलवायचाही विचार नको. दबावाखाली दिलेली संमती ही संमती नाही. तफावत पक्की झाली की स्टॉक रजिस्टरची प्रत, फुटेज आणि लिहून घेतलेलं बोलणं घेऊन ठाण्यात जा. फुटेज त्याच रात्री वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवा. बऱ्याच दुकानांच्या डीव्हीआरवर (सीसीटीव्हीची दृश्यं साठवणारं यंत्र) जुन्या दृश्यावर नवं चढतं.

चौकट_24

डिस्कवर मूळ फाइलच घ्या. पडद्याचं मोबाइलवर केलेलं चित्रीकरण नको. त्यात वेळेचा शिक्काही अर्धवट येतो. आणि डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती मागे-पुढे आहे ते तेव्हाच लिहून ठेवा. ते घड्याळ सात मिनिटं पुढे असलं तर तुमचं 4:10 प्रत्यक्षात 4:03 असतं, आणि गोरेवाडांनी सांगितलेली अख्खी विचारपूस चुकीच्या वेळेवर उभी राहते.